शेअरचं बटण आणि वाचकाची अमानत

या अंकापासून आपल्या प्रत्येक लेखाखाली पाच पर्याय दिसतील : व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक, एक्स आणि ‘लिंक कॉपी करा’. मोबाइलवर वाचणाऱ्यांना त्यांच्या आधी ‘पाठवा’ असा आणखी एक शब्द दिसेल. मराठी आणि उर्दू, दोन्ही पानांवर हीच सोय आहे. ‘लेख चांगला आहे, पण गटात टाकायचा कसा?’ असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

दिसायला ही सोय फार साधी आहे. रंगीत चिन्हं नाहीत, ‘इतक्या जणांनी शेअर केलं’ असा आकडा नाही. संपादक मंडळातल्या काहींना ती जुनाटही वाटली. ‘तू इंजिनिअर आहेस ना, मग नेहमीची बटणं पाच मिनिटांत बसतील की,’ असं मला सांगण्यात आलं, आणि ते खरंच आहे. नेहमीची बटणं पाच मिनिटांत बसतात. ती का बसवली नाहीत हे मी तुम्हाला सांगणं लागतो, कारण तो निर्णय तुमच्याविषयीचा आहे. कोण काय वाचतं याची यादी कोणाच्या हाती जावी, हा त्यातला खरा प्रश्न होता.

न दाबलेलं बटण काय करतं?

फेसबुकने इतर संकेतस्थळांसाठी ‘लाइक’ बटण एप्रिल २०१० मध्ये आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विटरचं बटण आलं. दोन्ही फुकट होती. कंपनीने दिलेला चार ओळींचा कोड आपल्या पानात चिकटवायचा, की बटण तयार. जगभरातल्या वृत्तपत्रांनी, दुकानांनी, संस्थांनी ते चिकटवलं.

हे बटण आपल्या पानावर दिसत असलं तरी ते आपल्या पानावर राहत नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. तुम्ही लेख उघडला की तुमचा फोन आमच्याकडून मजकूर मागवतो आणि त्याच क्षणी, तुम्हाला न विचारता, त्या कंपनीकडून बटण मागवतो. मागवताना तो तुमचा आयपी पत्ता देतो, ब्राउझरची आणि फोनची माहिती देतो आणि त्या कंपनीने पूर्वी तुमच्या फोनवर ठेवलेली कुकी परत करतो. कुकी म्हणजे ओळखीचा छोटा क्रमांक. तुम्ही त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकवर लॉगइन असाल तर तो क्रमांक थेट तुमच्या नावाच्या खात्याशी जुळतो.

यात बटण दाबण्याचा संबंधच आला नाही. लेख उघडला, एवढं पुरेसं आहे. वाचून तुम्ही गप्प बसलात, तुम्हाला लेख पटला नाही, तुम्ही दोन ओळींनंतर पान बंद केलं, तरी नोंद होऊन गेली.

जाणकार वाचक म्हणतील की ब्राउझर आता सुधारले आहेत. ते अंशतः खरं आहे. क्रोमने २०२० मध्ये नियम बदलला आणि आता तो दुसऱ्या संकेतस्थळाला पानाचा पूर्ण पत्ता न देता फक्त मूळ संकेतस्थळाचं नाव देतो. पण बटणाला कोणत्या लेखाचा आकडा दाखवायचा हे सांगावंच लागतं, त्यामुळे लेखाचा पत्ता त्या कोडमधूनच कंपनीकडे जातो. आणि नुसतं आपल्या मासिकाचं नाव गेलं तरी ते पुरेसं बोलकं आहे. सफारीने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२२ मध्ये परक्या कुकींना लगाम घातला. क्रोमनेही त्या बंद करण्याचा इरादा जाहीर केला होता, पण जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोमच असतो.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे सगळ्या कंपन्यांची बटणं एकत्र देणारी सेवा वापरायची. ॲडधिस ही अशीच सेवा होती आणि तीही फुकट होती. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातली आघाडीची एक लाख संकेतस्थळं तपासली. त्यांतल्या सुमारे ५ टक्के संकेतस्थळांवर ‘कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग’ चालू होतं आणि त्यातला बहुतांश भाग ॲडधिसच्या कोडमधून येत होता. या तंत्रात तुमच्या ब्राउझरला गुपचूप एक अक्षरचित्र काढायला लावतात. प्रत्येक फोन आणि संगणक ते किंचित वेगळं काढतो, आणि त्या फरकावरून यंत्र ओळखता येतं. कुकी पुसली तरी ही ओळख पुसली जात नाही. पुढे २०१६ मध्ये ओरॅकलने ॲडधिस विकत घेतली आणि मे २०२३ अखेर सेवा बंद केली. ज्यांनी फुकट बटणं म्हणून ती लावली होती त्यांचे वाचक इतकी वर्षं त्या फुकटाची किंमत मोजत होते.

आपल्याला याचं काय?

‘आम्ही काय चोरी करतो की लपवावं?’ असं अनेकजण विचारतात. मला हा प्रश्न रास्त वाटतो, म्हणून त्याचं उत्तर उदाहरणांनी देतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकन प्रकाशनाने एक बातमी दिली. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणारं ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप आपल्या वापरकर्त्यांची स्थळविषयक माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीला देत होतं, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांच्या साखळीत अमेरिकेच्या लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. हे ॲप तेव्हा ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवलं गेलं होतं. बातमीनंतर ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाजाच्या ॲपविषयी तशीच बातमी आली. तिथे माहिती एका फ्रेंच कंपनीला विकली जात होती. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या वारसदार कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घातली. त्या ठिकाणांत प्रार्थनास्थळंही होती.

या लोकांनी काय गुन्हा केला होता? फज्रची वेळ पाहिली होती. ॲप बनवणाऱ्यांच्या मनातही बहुधा वैर नव्हतं. त्यांनी उत्पन्नासाठी कोणाचा तरी तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवला होता. आपल्या पानात बटणाचा कोड बसवणं हे त्याच जातीचं काम आहे.

त्याआधी २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने उघड केलं होतं की न्यूयॉर्कचे पोलीस येल, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांतल्या मुस्लिम विद्यार्थी संघटनांची संकेतस्थळं नियमित पाहून टिपणं ठेवत होते. कोणता वक्ता येणार, कोणती सहल जाणार, हेही त्या टिपणांत होतं.

आता आपल्या महाराष्ट्रात या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. पालघरचं ‘लाइक’ उघड होतं, सर्वांना दिसत होतं, आणि आपण बोलतो आहोत ती नोंद अदृश्य आहे. दोन्हींतला धागा मात्र एकच आहे. नोंद एकदा झाली की तिचा अर्थ लावण्याचा अधिकार तुमच्याकडे उरत नाही. आज निरुपद्रवी वाटणारी यादी उद्या कोणाच्या टेबलावर जाईल आणि तो ती कशी वाचेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

मी फक्त बाहेरच्यांविषयी बोललो तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. आपले लेख कशावर असतात ते आठवा : तलाक आणि खुला, मुलींचा वारसाहक्क, मशिदीत स्त्रियांना जागा, आंतरधर्मीय विवाह, जमातीतली ऊठबस बंद करण्याचे प्रकार. एखादी बहीण खुल्याची प्रक्रिया समजून घेण्यासाठी आपला लेख उघडते. फोन घरातला सामायिक आहे, तिचा भाऊ आणि सासरे तोच वापरतात. नेहमीची बटणं आणि जाहिरातींचे कोड पानावर असले, तर पुढचे आठ दिवस त्या फोनवर घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती दिसू शकतात. तिने इतिहास पुसला असेल, पण जाहिरात बोलून जाईल.

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करू पाहणाऱ्यांना तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. त्या एका कागदामुळे किती जोडप्यांच्या मागे माणसं लागतात हे तुम्हाला माहीत आहे. आपण त्या नोटिशीविरुद्ध लिहितो. मग तो लेख वाचणाऱ्यांची नोटीस आपणच दुसऱ्या कोणाच्या फळ्यावर का लावावी?

कायदा कुठवर येतो?

युरोपात हा प्रश्न फार आधी ऐरणीवर आला. जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ‘दोन क्लिक’ची पद्धत काढली. पानावर आधी बटणाचं नुसतं चित्र, वाचकाने एकदा दाबल्यावरच खरं बटण चालू, आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर शेअर. २०१४ मध्ये त्यांनी याहून सोपी रचना तयार करून सर्वांसाठी खुली केली. तिचं नाव ‘शरिफ’, आपल्या कानांना अगदी ओळखीचं. ती नावाला जागतेही : वाचक स्वतः होऊन दाबत नाही तोवर त्याच्याविषयी कोणाला काही सांगत नाही.

२९ जुलै २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने फॅशन आयडी या जर्मन ऑनलाइन कपड्यांच्या दुकानाच्या खटल्यात निकाल दिला. ज्या संकेतस्थळाने लाइक बटण लावलं ते, ग्राहकांची माहिती गोळा होऊन फेसबुककडे जाण्यापुरतं, फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ‘बटण त्यांचं आहे, आम्हाला काय ठाऊक’ हा बचाव तिथे संपला. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने तर गूगलच्या सर्व्हरवरून अक्षरवळण मागवणाऱ्या एका संकेतस्थळाला वाचकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्या विनंतीतून वाचकाचा आयपी पत्ता गूगलकडे गेला होता.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात धार्मिक आणि राजकीय श्रद्धांची माहिती ‘संवेदनशील’ गणली होती आणि तिला जास्त संरक्षण होतं. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, त्यात हा वेगळा वर्गच नाही. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असं तो कायदा म्हणतो, हे चांगलं आहे. पण कोणी कोणत्या धर्माविषयी काय वाचतो या माहितीला तो बुटांच्या मापापेक्षा वेगळं मानत नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून कायद्याने किमान काय करायला लावलंय एवढंच पाहून आपलं भागणार नाही.

आपल्या परंपरेत यासाठी कायद्याहून जुने शब्द आहेत. दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे. एकमेकांची टेहळणी करू नये, हे सूरह हुजुरातमध्ये आहे. आणि ‘अमानत’ हा शब्द तर आपल्या घरांत रोजच्या बोलण्यात आहे. शेजारणीने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना आपण दुसऱ्याला दाखवतसुद्धा नाही. वाचक लेख उघडतो तेव्हा तो आपल्याकडे काही ठेवून जातो : त्याला कोणता प्रश्न छळतोय याची खूण. धर्म मानणाऱ्याला ही अमानत वाटेल आणि संविधान मानणाऱ्याला कलम २१. आपल्या चळवळीत दोघेही आहेत, आणि इथे दोघांचं काम एकच आहे.

आम्ही काय केलं

आता तांत्रिक भाग, थोडक्यात. आपले पाचही पर्याय आपल्याच सर्व्हरवरून येतात. लेखाखालचा ‘व्हॉट्सॲप’ हा शब्द म्हणजे एक साधी लिंक आहे. तिच्यात लेखाचं शीर्षक आणि पत्ता आधीच भरलेला असतो. तुम्ही ती दाबेपर्यंत व्हॉट्सॲपला काहीच कळत नाही. टेलिग्राम, फेसबुक आणि एक्स यांचंही तसंच. तुमच्या निर्णयाआधी एकही विनंती बाहेर जात नाही.

मोबाइलवरचा ‘पाठवा’ हा शब्द ब्राउझरचीच सोय वापरतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती २०१७ पासून आणि आयफोनच्या सफारीमध्ये २०१९ पासून आहे. तो दाबला की फोनची स्वतःची शेअरची खिडकी उघडते. तुम्ही त्यातून कोणतं ॲप निवडलंत हे आम्हालाही कळत नाही.

लिंक गटात टाकल्यावर शीर्षक आणि चित्र दिसावं म्हणून पानाच्या डोक्यात काही ओळी लिहून ठेवल्या आहेत. लिंक पाठवताना व्हॉट्सॲप त्या वाचून झलक तयार करतं. त्यासाठी वाचकाच्या पानावर कोणाचा कोड लागत नाही. लेखांचे पत्ते आम्ही मुद्दाम छोटे आणि रोमन अक्षरांत ठेवले आहेत. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये जाताना नऊ चिन्हांचं होतं आणि उर्दूतलं सहा. मराठी शीर्षकच पत्त्यात ठेवलं असतं तर गटात टाकलेली लिंक चार ओळींची झाली असती, आणि तशी लिंक पाहून लोक दचकतात.

आकडा नाही, याचं कारणही सांगतो. आकडा दाखवायचा तर तो कंपन्यांकडून मागवावा लागतो. पण तेवढंच कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवण्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. तेव्हा देशभर अशा हत्या होत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ‘इतक्या हजारांनी पाठवलं’ या एका गोष्टीने माणसाचं डोकं कसं बंद होतं, हे आपण पाहिलं आहे. बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, हेही सूरह हुजुरातच सांगते. लेख किती जणांनी पाठवला हे न पाहता, वाचून पटला तर पाठवा.

बाकीही साफसफाई केली. अक्षरवळणं आता आपल्या सर्व्हरवर आहेत. यूट्यूबचे व्हिडिओ आधी नुसतं चित्र म्हणून दिसतात, दाबल्यावरच चालू होतात. जाहिरातींचा किंवा मोजणीचा कोणताही परका कोड पानावर नाही. सर्व्हरची नोंदवही सात दिवसांनी पुसली जाते आणि त्यातल्या आयपी पत्त्याचा शेवटचा भाग आधीच काढलेला असतो.

काय होऊ शकत नाही हेही सांगितलं पाहिजे. तुम्ही ‘फेसबुक’ दाबलंत की तुम्ही फेसबुकवर जाता आणि तिथे त्यांचं राज्य. व्हॉट्सॲपवर मजकूर बंद लिफाफ्यात जातो, पण कोणी कोणाला केव्हा पाठवलं ही बाहेरची माहिती कंपनीकडे असते. तुमची मोबाइल कंपनी तुम्ही कोणता लेख वाचला हे पाहू शकत नाही, पण तुम्ही आपल्या संकेतस्थळावर आलात हे तिला दिसू शकतं. आम्ही आमच्या दाराची कडी लावली आहे. रस्ता आमचा नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : ‘फेसबुकला आपलं सगळं आधीच माहीत आहे, मग एवढा खटाटोप कशाला?’ त्यांना बरंच माहीत आहे हे खरं. पण ते तुम्ही तिथे जाऊन स्वतः दिलं आहे, किंवा दुसऱ्यांनी दिलं आहे. आपल्या मासिकातून जे जाईल त्याचा हिशोब आपल्याला द्यायचा आहे. आणि आपल्या वाचकांत असेही आहेत जे फेसबुकवर नाहीत, जाणूनबुजून नाहीत.

दुसरा : ‘पोहोच कमी होईल.’ मला तसं वाटत नाही. आपले लेख मुख्यतः व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतात, माणूस माणसाला पाठवतो. त्यासाठी लिंक पुरते. उलट परके कोड काढल्याने पान हलकं झालं आहे. नांदेडच्या किंवा मालेगावच्या गल्लीत जुन्या फोनवर, कमी रेंजमध्ये लेख लवकर उघडेल, आणि तेवढा डेटाही वाचेल. खासगीपणा आणि वेग इथे एकाच बाजूला आहेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो : ‘कोण वाचतंय हे कळलंच नाही, तर चळवळ वाढवायची कशी?’ संघटनेला आपली माणसं ओळखावी लागतात, हे मान्य. पण ओळख करून घेण्याचा जुना मार्ग अजून चालतो. लेखाखाली पत्ता आहे, लिहा. शिबिराला या. जो स्वतः होऊन नाव सांगतो तो कार्यकर्ता होतो. ज्याचं नाव आपण न विचारता मिळवलं, तो फक्त यादीतली एक ओळ असतो, आणि यादी हातातून कधी निसटेल याचा भरवसा नसतो.

तुमच्याकडून

थोडं काम तुमचंही आहे. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेवटी ‘एफबीसीएलआयडी’ने सुरू होणारं लांबलचक शेपूट असतं. २०१८ पासून फेसबुक बाहेरच्या लिंकांना ते जोडतं. पुढे पाठवताना ते कापा. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबच्या शेअर लिंकांतही तशी खूण असते. यूट्यूबच्या छोट्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढचं काढलं तरी व्हिडिओ उघडतो.

लेखाचा स्क्रीनशॉट गटात टाकताना वरची सूचनांची पट्टी आणि कोणाचं नाव, नंबर दिसत नाही ना ते पाहा. आणि आपल्या बहिणींचे फोटो, अगदी सभेतले किंवा मोर्चातले असले तरी, त्यांना विचारल्याशिवाय फिरवू नका. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे उघड्यावरचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स निघाली होती. दोष पूर्णपणे ते काढणाऱ्यांचा होता. पण आपल्या हातून गेलेला फोटो कुठे पोहोचेल हे आपल्या हातात राहत नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.

तुमच्यापैकी जे शिकून इंजिनिअर झाले आहेत किंवा होत आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेचं, पतपेढीचं, रक्तदान गटाचं, मशिदीच्या ट्रस्टचं संकेतस्थळ असेल तर संगणकावर ते उघडा आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ची पट्टी पाहा. पान उघडताना कोणाकोणाकडे विनंत्या जातात ते तिथे ओळीने दिसतं. अनोळखी नावं दिसली तर संस्थेच्या माणसांशी बोला. बहुतेकांना आपल्या पानातून काय जातंय हे माहीतच नसतं, आणि कोड काढायला अर्धा तास लागतो. आमच्या लिंकांचा कोड कोणालाही हवा असेल तर लिहा, तसाच्या तसा पाठवतो. तो इतका छोटा आहे की त्याचे पैसे मागायला लाज वाटेल.

हा लेख पटला असेल तर खाली ‘पाठवा’ आहे. कोणाला पाठवलात ते आम्हाला कळणार नाही.